पेगच्या शेडवरची वेल

कडाक्याच्या थंडीत लहान पक्षी मरतात आणि मोठे जगतात, यात माणसाचा काहीही दोष नसतो. लहान असणे ही मुळात त्या पक्ष्यांचीच चूक आहे. आमच्या नेदर थॉर्पली गावाच्या हिवाळी पक्षी-कल्याण समितीने हे तत्त्व पहिल्याच बैठकीत सर्वानुमते मान्य केले आणि मगच चहा ओतला.

समितीचा सर्वांत लाडका पक्षी म्हणजे रेन. अंगठ्याएवढा तपकिरी जीव, शेपटी कायम वर आणि आवाज चर्चच्या सगळ्या गायकांना पुरून उरेल असा. मात्र त्याला दोन वाईट सवयी आहेत. एक, तो दाणे खात नाही. पालापाचोळ्यातले कोळी आणि जुन्या भिंतींच्या फटींतले किडे हुडकत बसतो. दोन, थंडी वाढली की त्याला एकट्याने रात्र काढवत नाही. मग संध्याकाळी डझनावारी रेन एखाद्या उबदार बिळात शिरून एकमेकांच्या अंगावर रचून झोपतात. (समितीने दोन्ही सवयींबद्दल नापसंती नोंदवलेली आहे.)

जिल्ह्यातल्या सर्वांत नीटनेटक्या गावाचा चांदीचा चषक ओळीने पाच वर्षे आमच्याकडे आहे. तो काही आकाशातून पडला नाही. दर शरदात आम्ही पाचोळा गोळा करून जाळतो, भिंतींच्या फटी सिमेंटने बुजवतो आणि आयव्हीच्या वेली मुळासकट उपटतो. एवढे उरकेपर्यंत हिवाळा येतो आणि आमच्या मनात पक्ष्यांविषयी दया दाटून येते. यंदा तर घरोघरी दाण्याचे फीडर टांगले. समितीच्या पाहणीनुसार नव्वद टक्के दाणे कबुतरांनी, नऊ टक्के खारींनी आणि एक टक्का पाद्रीसाहेबांच्या कुत्र्याने खाल्ले. रेनने एकही दाणा खाल्ला नाही. यावरून रेनला भूक लागत नाही, असा निष्कर्ष निघाला.

गावात नियमाला एकच अपवाद होता, सेथ पेग. पेगला निसर्गप्रेम वगैरे काही नव्हते, तो नुसता आळशी होता. बायको गेली त्या वर्षी त्याची शिडी मोडली, आणि मोडली ती मोडलीच. त्यामुळे त्याच्या शेडवर आयव्हीची वेल एवढी माजली की खाली शेड आहे हे ज्याला माहीत त्यालाच माहीत. जानेवारीत बर्फ पडले तसे अख्ख्या परगण्यातले उरलेसुरले रेन रोज तिन्हीसांजेला तिथे येऊन वेलीच्या पोटात शिरू लागले. पेग पालथ्या बादलीवर बसून पाइप ओढत बघत राहायचा. कुणी विचारले तर म्हणायचा, शिडी शोधतोय.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पक्षी मोजायची आमच्याकडे रीत आहे. खुर्ची मांडून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन तासभर बसायचे आणि एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले ते लिहायचे. गेल्या वर्षी शेजारच्या अपर थॉर्पलीला चार रेन दिसले. आम्हाला एकच दिसला. (तो एक अकरा घरांनी मोजला, पण जिल्ह्याने हरकत घेतली.) ही नामुष्की पुसून काढण्यासाठी आमच्या अध्यक्षा मिसेस ऑलरेनशॉ स्वतः पेगकडे गेल्या. चिटणीस या नात्याने मीही सोबत होतो.

"मिस्टर पेग, तुमच्या या वेलीमुळे आमचे पक्षी दिसत नाहीत."

"दिसू नये म्हणूनच आत बसतात ना बाई ते."

"गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मग गावानं एक रात्र उघड्यावर झोपून बघावं." मग पेगने पाइप तोंडातून काढला आणि आवाज खाली आणला. "मार्चपर्यंत थांबा. मार्चमध्ये मी स्वतः तोडतो."

पेगने आयुष्यात कुठल्याही कामाला आपण होऊन मुदत दिल्याची ही पहिलीच वेळ. बाई गोड हसून म्हणाल्या, "बघू या हं." आमच्या गावात याचा अर्थ, ठरलं.

शनिवारी तिन्हीसांजेला सगळे रेन आत गेल्याची खात्री करून आम्ही करवती घेऊन गेलो. निम्मा गाव खुर्च्या मांडून बसला होता. पेग शेडसमोर हात पसरून उभा होता. तो असा काही हटेल असे वाटत नव्हते. पण आमच्या बाईंची तयारी दांडगी. त्या पुढे झाल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "माफ करा."

आमच्याकडे कुणी माफ करा म्हटले की बाजूला व्हायचे असते. ते आईच्या दुधातून येते. पेग बाजूला झाला. झाला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले, पण तोवर वेल खाली आली होती.

त्रेपन्न रेन. भुर्रकन एकदम उडाले आणि क्षणभर आभाळ तपकिरी झाले. हातमोजे असल्यामुळे टाळ्यांचा आवाज आला नाही, पण जिल्ह्याचा विक्रम झाला. रेन कुठे गेले हे लिहायला मोजणीच्या तक्त्यात रकाना नव्हता. त्या रात्री नळ फुटले, तळे तळापर्यंत गोठले.

दुसऱ्या दिवशी अभिनंदनाच्या सभेत पेग आला. हॅट उलटी धरली होती, दोन्ही हातांनी. त्याने ती केकशेजारी टेबलावर ठेवली. आत कुणी डोकावले नाही. मिसेस ऑलरेनशॉ म्हणाल्या, "मिस्टर पेग, सभेत टेबलावर हॅट ठेवत नाहीत."

"माफ करा," पेग म्हणाला, आणि हॅट उचलून निघून गेला.

समितीने अहवालात थंडीचा तीव्र शब्दांत निषेध केला. पेगच्या आता स्वच्छ झालेल्या शेडसमोर दगडी रेन बसवला आहे. दर वर्षी त्याच्यापुढे आम्ही दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. (त्याआधी भोवतीचा पाचोळा काढून घेतो.)

इथवर वाचून आपण हळहळला असाल, तर समिती आपली आभारी आहे. आम्हाला हळहळणारीच माणसे हवी असतात. सभासद व्हायला अर्ज लागत नाही. घरामागचा तो कोपरा, जो येत्या रविवारी एकदाचा साफ करायचाच असे आपण ठरवून ठेवले आहे, तेवढा साफ झाला की आपण आमचेच.