अकरा चाव्या आणि एक 'जर'

"फाइल चार वाजता टेबलावर असेल! शंभर टक्के!"

टक्केकाकांनी फोनवर हे ठणकावून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. हवामान कार्यालयात चौतीस वर्षं नोकरी झाली, पण शंभर टक्के हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. खिडकीबाहेर धो धो पाऊस कोसळत असला तरी ते कागदावर 'पावसाची शक्यता पंच्याण्णव टक्के' एवढंच लिहायचे. उरलेले पाच टक्के राखून ठेवायचे. यावरूनच गल्लीने त्यांना टक्केकाका म्हणायला सुरुवात केली. त्या नावात त्यांच्या टकलाचाही थोडा वाटा होता, पण तो किती टक्के, हे त्यांनी कधी मोजलं नाही.

फोन मुलीचा होता. त्यांची बायको गेल्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांनी दुधाची तीन पातेली जाळली होती. मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला घरातली एकही वस्तू सापडत नाही. आज चार वाजता येते. तुमच्या औषधांची निळी फाइल टेबलावर दिसली तर तुम्ही इथेच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसली तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. कायमचं!"

मुलगी प्रेमाने बोलत होती, हीच तर पंचाईत होती. भांडता येत नव्हतं. तिच्याकडे मागची खोली होती, पलंग होता, पंखा होता. फक्त या घरात जे होतं ते तिथे नव्हतं. या घराच्या गच्चीत एक दोरी होती. बायको सकाळी विचारायची, "आज पाऊस पडेल का हो?" काका म्हणायचे, "चाळीस टक्के." "मग कपडे वाळत घालू की नको?" "ते तू ठरव!" मग ती आकाशाकडे एकदा बघायची आणि ठरवायची. काकांनी एक वर्ष खिशातल्या डायरीत गुपचूप नोंद ठेवली होती. तिने सव्वीस वेळा कपडे घाईने आत घेतले, त्यातल्या चोवीस वेळा पाऊस आला. कार्यालयाला असा आकडा कधी जमला नव्हता. डायरी त्यांनी साहेबांना दाखवली नाही. नोकरी टिकवायची होती.

तर फाइल. ती बायकोच्या लोखंडी कपाटात असणार, याबद्दल काकांना शंका नव्हती. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तिथेच असायचे. त्या कपाटाला आठ महिन्यांत त्यांनी हात लावला नव्हता. कोणी विचारलं तर "सवड नाही" म्हणायचे. निवृत्त माणसाला सवड नाही!

कपाट बंद होतं. खिळ्यावर बायकोचा जुडगा होता. त्यात अकरा चाव्या. एकीवरही खूण नाही.

"अकरातली एक," काका स्वतःशी म्हणाले. "साधा हिशेब आहे!"

त्यांनी जुडगा सोडला, दोन वाट्या घेतल्या आणि अकराच्या अकरा चाव्या एका वाटीत ठेवल्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई त्यांची पँट घेऊन वर आल्या. आठ महिन्यांत त्यांनी ती कमरेत दुसऱ्यांदा आवळून दिली होती.

"हे काय, भाऊ? भातुकली मांडलीत का?"

"शास्त्र आहे हे!" काका म्हणाले. "बघा. पहिली चावी बरोबर असण्याची शक्यता अकरात एक. म्हणजे नऊ टक्के. ती चुकीची निघाली, तर तिला दुसऱ्या वाटीत टाकायचं. आता उरल्या दहा. म्हणजे पुढची बरोबर असण्याची शक्यता दहा टक्के. तीही चुकली, तर अकरा टक्के! चुकत जाऊ तशी शक्यता वाढते!"

"म्हणजे एक नापास झाली की बाकीच्यांचे मार्क वाढतात?"

"अगदी बरोबर!"

"आमच्या शाळेत अशी सोय असती तर मी कुठल्या कुठे गेले असते!" असं म्हणून शिंपीणबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी काकांकडून फाइलची आणि मुलीच्या अटीची सगळी हकिकत काढून घेतली. दुपारची वेळ होती आणि असली करमणूक रोज मिळत नाही.

पहिली चावी भोकात शिरलीच नाही. दुसरी शिरली, पण हलेना. तिसरी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. काकांनी ती उजवीकडे फिरवली. तिने पूर्ण फेरा घेतला आणि आतून आवाज आला, 'कट्ट!'

"सापडली!" शिंपीणबाई टाळ्या वाजवत उठल्या.

काकांनी रुबाबात हँडल ओढलं. हँडल हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. तरी नाही. पाय दाराला लावून ओढलं. कपाट जागचं हललं, दार नाही.

"चावी फिरली तर कपाट उघडण्याची शक्यता मी अठ्ठ्याण्णव टक्के धरली असती," काका विचारात पडले. "पण नाही उघडलं. म्हणजे ही फसवी चावी. फिरते, पण उघडत नाही!"

"उलटी फिरवून बघा ना."

"उलटी?" काकांना हसू आलं. "अहो, उलटी फिरवली की कुलूप लागतं! एवढं लहान मुलालाही कळतं."

ही फसवी चावी पुन्हा चुकून हातात येऊ नये म्हणून त्यांनी शिंपीणबाईंकडून लाल दोरा घेतला आणि तिला गाठ मारून बांधला. मग ती नापासांच्या वाटीत टाकली.

पुढे एकेक चावी नापास होत गेली आणि काकांचा उत्साह वाढत गेला. वीस टक्के! पंचवीस! तेहेतीस! दोन चाव्या उरल्या तेव्हा पन्नास टक्के झाले आणि शिंपीणबाईही स्टुलाच्या कडेला सरकल्या. दहावीही नापास झाली. आता एकच उरली.

काका ताठ उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "बाई, दहाच्या दहा चुकल्या, तर अकरावी बरोबर असण्याची शक्यता किती?"

"तुम्हीच सांगा."

"शंभर टक्के! अख्ख्या आयुष्यात मला हा आकडा मिळाला नव्हता!"

"पण ती केवढीशी आहे, भाऊ. नखाएवढी."

"लहान आहे म्हणून कमी लेखू नये!"

अकरावी चावी भोकात गेली आणि तिथे अशी खुळखुळली, जशी हत्तीच्या कानात मुंगी. ती सायकलच्या कुलपाची होती. सायकल विकून एकोणीस वर्षं झाली होती.

घड्याळात सव्वातीन वाजले होते. काकांना घाम फुटला. शंभर टक्क्यांनी असा दगा दिल्यावर माणसाने विश्वास ठेवायचा कशावर?

"मी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला फोन करते," शिंपीणबाई म्हणाल्या.

"तो येईपर्यंत दुसरी फेरी! माझ्या हातून एखादी नीट लागली नसेल. या वेळी चाव्या दहाच. लाल दोऱ्याची वगळायची. तिची परीक्षा नीट झाली आहे!"

दुसऱ्या फेरीसाठी त्यांनी कुलपात डोक्याचं तेल ओतलं. थोडं हवं होतं, पण बाटलीचं बूच आधीच सैल होतं. तेल कुलपातून दारावर, दारावरून फरशीवर आणि फरशीवरून काकांच्या चपलांखाली गेलं. चार चाव्या हातातून निसटून कपाटाखाली गेल्या. काका फरशीवर आडवे झाले आणि त्यांनी झाडूचा दांडा आत घातला. दांडा अडकला. त्यांनी तो जोर लावून ओढला. कपाट डुललं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेली प्रवासाची मोठी बॅग धप्पकन खाली आली. ती काकांच्या नाकापासून वीतभर अंतरावर पडली, आणि पडताना आ वासून उघडली. भरा मला, म्हणत असल्यासारखी!

नेमकी त्याच क्षणी मुलगी दारात उभी राहिली. चारला दहा मिनिटं कमी होती.

"अरे वा, बाबा! बॅगसुद्धा काढून ठेवलीत!"

"नाही! ही पडली!" काका फरशीवरून ओरडले.

"आणि तुम्ही? तुम्हीही पडलात? आणि हे सगळीकडे तेल कसलं?"

"काही नाही गं," शिंपीणबाई मदतीला धावल्या. "ते फक्त शास्त्र करत होते."

त्या वाक्याने काडीचीही मदत झाली नाही. मुलीने वडिलांना हाताला धरून उठवलं, पलंगावर बसवलं आणि त्यांचे तेलकट तळवे टॉवेलने पुसले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. काका मान खाली घालून बसले. बॅग समोरच होती.

इतक्यात किल्लीवाला आला. त्याने कपाटाकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं आणि लाल दोऱ्याची चावी उचलली.

"ही का वेगळी काढलीय?"

"ती सोडून दे. उजवीकडे पूर्ण फिरते, पण उघडत नाही. ती कपाटाची नाही, एवढं नक्की."

किल्लीवाल्याने ती आत घातली, डावीकडे फिरवली, 'कट्ट' झालं, हँडल ओढलं, आणि कपाट उघडलं. या सगळ्याला शिंक येऊन जायला लागतो तेवढा वेळ लागला.

"चावी चांगली आहे, कुलूपही चांगलं आहे," तो म्हणाला. "मग लावलं कोणी होतं?"

"लावलेलंच होतं!" काका म्हणाले.

"लावलेलं होतं, की बंद होतं?"

"एकच की ते!"

"एकच कसं, काका? दार ढकललं की बंद होतं. चावी फिरवली की लागतं. पहिली चावी घालायच्या आधी हँडल ओढून बघितलं होतं का?"

काका हँडलकडे बघू लागले.

"अगं बाई!" शिंपीणबाईंनी कपाळाला हात लावला. "वहिनी कुलूप लावतच नव्हत्या! चार वर्षं झाली असतील. बोटं दुखायची ना त्यांची, चावी फिरायची नाही. मला म्हणायच्या, 'नुसतं ढकलून ठेवते. चोरी करणार कोण? यांना तर स्वतःचे मोजे सापडत नाहीत.' मला मेलीला आत्ता आठवतंय!"

"मला कधी बोलली नाही," काका म्हणाले.

"तुम्ही कधी ते कपाट उघडायला गेला होतात का?"

नव्हते गेले. मोजेसुद्धा तीच काढून द्यायची. काकांनी मनातल्या मनात सगळा हिशेब पुन्हा तपासला. नऊ टक्के बरोबर. दहा बरोबर. अकराही बरोबर. शेवटचे शंभरसुद्धा बरोबर. फक्त सगळ्याच्या आधी एक 'जर' होता. जर कपाटाला कुलूप असेल, तर. तो 'जर' त्यांनी तपासलाच नव्हता. उघड्या कपाटाला त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप लावलं होतं आणि मग पाऊण तास ते उघडायला झटले होते.

मुलगी तोवर कप्पे बघत होती. साड्या, चादरी, बटणांचा डबा, विजेची बिलं. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. निळी फाइल नव्हती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "नाहीये."

मुलीचे डोळे भरून आले. आईच्या साड्या तिनेही आठ महिन्यांत पाहिल्या नव्हत्या. रुमाल काढायला तिने आपल्या भल्यामोठ्या ऑफिसच्या बॅगेत हात घातला. त्या बॅगेत सगळं मावायचं आणि काहीच सापडायचं नाही. आधी छत्री निघाली. मग डबा. मग दुसरा डबा. मग एक निळी फाइल निघाली.

"ही..." मुलगी म्हणाली, "आई गेली त्या आठवड्यात तुमचं ब्लडप्रेशर वाढलं होतं ना... मीच नेली होती डॉक्टरांकडे. आणि मग..."

"आणि मग आठ महिने खांद्यावर घेऊन फिरलीस," काका म्हणाले.

किल्लीवाल्याने आपली पिशवी उचलली. शिंपीणबाईंनी फोनवरच त्याला सगळी हकिकत सांगितली होती. "मग आता कोणी कोणाकडे राहायला जायचं?"

आधी शिंपीणबाईंना हसू फुटलं, मग मुलीला. तिने डोळे पुसले, आ वासलेली बॅग मिटवली आणि पलंगाखाली सरकवली.

"ठीक आहे, बाबा. विषय बंद."

काकांनी सावधपणे विचारलं, "बंद, की लावलेला?"

"नुसता बंद. आणखी एक पातेलं जाळलंत तर हँडल ओढीन!"

किल्लीवाल्याने जाता जाता झाडूच्या दांड्याने कपाटाखालच्या चाव्या बाहेर काढल्या आणि उरलेल्या दहा चाव्या नीट बघितल्या. सायकलची एक, जुन्या भाड्याच्या घराची एक, तुटलेल्या ट्रंकेची एक. काहींची कुलपं तर आता बाजारातही मिळत नव्हती.

"यातली एकही या घरात कशालाच लागत नाही," तो म्हणाला. "जुडग्यात ठेवल्या होत्या कोणी?"

"आईने?" मुलीला नवल वाटलं. "ती तर एक फाटकी पिशवी ठेवायची नाही!"

"वहिनी दर वर्षी फेकायला निघायच्या," शिंपीणबाई म्हणाल्या. "आणि दर वर्षी भाऊ आडवे यायचे. 'राहू दे, कधीतरी लागण्याची शक्यता पाच टक्के आहे!'"

सगळ्यांनी टक्केकाकांकडे पाहिलं. काकांनी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. त्यांनी दहाही चाव्यांचं तेल पुसलं आणि एकेक करून त्या पुन्हा कडीत ओवल्या. सायकलचीसुद्धा.

"बाबा! आता तरी फेकाल ना त्या?"

"फेकणार! उद्याच फेकणार!"

"शंभर टक्के?"

काकांनी जुडगा पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला.

"पंच्याण्णव," ते म्हणाले.