महिपतरावांची बूट डिस्क

डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात महिपतरावांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं, आणि जोडीला सेफ्टी कमिटीचं कामही बघितलं. आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, भोंगा कोणी वाजवायचा, डोकी कोणी मोजायची, हे ते कामगारांना पुन्हा पुन्हा शिकवत. आग कधी लागली नाही. (याचं श्रेय ते अजूनही स्वतःकडे घेतात.) निवृत्त झाल्यावर ही सगळी तयारी घरी आली. प्रत्येक खोलीत टॉर्च, आणि बाथरूममध्ये खुंटीला एक शिट्टी. कोणी आत अडकलं तर वाजवायला. संकट यावं असं त्यांना मुळीच वाटत नसे. पण आलंच तर आपण घरी असताना यावं, एवढी त्यांची माफक इच्छा होती.

त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचातरी कॉम्प्युटर अचानक बंद पडून सगळं गेल्याची बातमी आली, तेव्हा ते अस्वस्थ झाले. घरचा कॉम्प्युटर त्यांच्या तयारीतून सुटला होता. त्यांनी व्हिडिओ बघायला घेतले आणि त्यांना बूट डिस्कचा शोध लागला. कॉम्प्युटर आपणहून सुरू होईना, तर बंद गाडीला धक्का मारावा तसा त्याला बाहेरून सुरू करून देणारा एक पेनड्राइव्ह आधीच बनवून ठेवायचा, एवढीच ती गोष्ट. पूर्वी ती तबकडीवर करत, म्हणून नाव डिस्क.

त्यांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी, त्यांना स्पष्ट बजावलं, की शनिवारपर्यंत माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्याला कारण होतं. त्यांच्या आईचा, शेवंताबाईंचा, शनिवारी मोहने गावात, माहेरी, अमृतमहोत्सव होता. वासंतीबाईंनी भावंडांकडून जुने फोटो गोळा करून, स्कॅन करून, गाण्यांवर बसवून त्यांचा एक स्लाइड शो केला होता. महिनेच्या महिने त्यात गेले होते, आणि तो फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होता.

महिपतरावांच्या मते डिस्क बनवायला याहून चांगलं कारण असूच शकत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वासंतीबाई ब्लाउज आणायला शिंप्याकडे गेल्या आणि महिपतरावांनी दार लावून घेतलं. व्हिडिओतल्या मुलाने सांगितलं तसं त्यांनी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या खाचेत घातला, सांगेल ती बटणं दाबली, आणि शेवटी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला शिकवून ठेवलं की सुरू होताना आधी पेनड्राइव्हकडे बघायचं, मग स्वतःकडे. काम फत्ते झालं. त्यांनी चहा करून घेतला, खाली जाऊन वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना बूट डिस्कचं महत्त्व सांगितलं, आणि दुपारी समाधानाने झोपले.

पेनड्राइव्ह पाठीमागच्या खाचेतच राहिला होता. हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. महिपतरावांच्या मनात मात्र अशी पक्की नोंद झाली होती, की आपण तो कुठेतरी जपून ठेवलाय.

शनिवारी सकाळी वासंतीबाईंनी स्लाइड शो कॉपी करायला कॉम्प्युटर लावला. नेहमीचं गणपतीचं चित्र आलंच नाही. सगळा पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर विचारू लागला, की कीबोर्ड कुठल्या भाषेचा हवा.

"अहो," वासंतीबाई म्हणाल्या, "हा बघा कसं करतोय."

महिपतरावांनी बघितलं आणि, खरं सांगायचं तर, त्यांना भरून आलं. इतक्या वर्षांनी संकट आलं होतं, आणि ते घरी होते. घाबरू नकोस, माझ्याकडे डिस्क आहे, असं म्हणून ते डिस्क आणायला गेले.

कपाटात नव्हती. देवघराच्या खणात नव्हती. टॉर्चच्या डब्यात टॉर्च होते. फ्रिजमध्ये अंड्यांच्या खाचांत बघून झालं, पिठाच्या डब्यात हात घालून झाला. नाव काय म्हणालात, असं विचारून वासंतीबाई चपलांचा स्टँडसुद्धा बघून आल्या. दरम्यान त्या निळ्या पडद्यावर सगळं पुसून नव्याने सुरुवात करू का, असा एक प्रश्न येऊन थांबला होता. महिपतराव माऊसकडे हात नेताहेत असं दिसताच वासंतीबाईंनी सरळ बटण बंद केलं. आता त्याला दुकानात न्यायचं, त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि तेवीस वर्षांपूर्वी सासूबाईंशी एकदाच झालेल्या भांडणातही तो असाच शांत होता, हे महिपतरावांना आठवलं.

वायरी वासंतीबाईंनीच काढल्या. पाठीमागे जे जे खोचलेलं होतं ते सगळं उपसून एका पिशवीत भरलं. त्यात एक छोटी काळी कांडीही होती. ती माऊसची असणार, असं त्यांनी धरलं. मग कॉम्प्युटरचा डबा ओढणीत गुंडाळून, आजारी पोर मांडीवर घ्यावं तसा घेऊन त्या रिक्षात बसल्या. महिपतराव शेजारी अवघडून बसले.

ठाकुर्ली स्टेशनजवळच्या दुकानातल्या मितेशने डब्याला आपल्याच वायरी लावल्या आणि बटण दाबलं. गणपती आला. स्लाइड शो जागच्या जागी होता.

"काकी, चालू तर आहे," मितेश म्हणाला.

वासंतीबाईंचे डोळे पाण्याने भरले. वायर कुठेतरी ढिली असेल, असं मितेशने सांगितलं. आता कॉपी घरीच करू, शेवटची दोन गाणीही बदलायची आहेत, म्हणून त्या तशाच परत निघाल्या. वाटेत महिपतराव वायर ढिली असण्याच्या धोक्यांवर बोलत होते.

घरी येऊन वासंतीबाईंनी प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे खोचली. काळी कांडीसुद्धा. बटण दाबलं. पडदा निळा.

आता मात्र त्या खुर्चीत बसून राहिल्या. महिपतरावांना पहिल्यांदाच संकटाची मजा वाटेनाशी झाली. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी पाणी आणून दिलं आणि मितेशला फोन लावला. घरी जे जे जोडता ते सगळं घेऊन या, मितेश म्हणाला. म्हणून या खेपेला पडदा, कीबोर्ड, माऊस, पिशवी, असा सगळा संसार रिक्षात चढला. रिक्षावाला योगायोगाने तोच होता. घर बदलताय का, असं त्याने आपुलकीने विचारलं.

मितेशने पिशवी काउंटरवर पालथी केली आणि वायरींच्या गुंत्यातून ती कांडी उचलली.

"हा पेनड्राइव्ह कोणाचा?"

"सापडली!" महिपतराव इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने वळून बघितलं. त्यांनी मितेशचा हात धरला आणि त्याला सांगितलं, की आता काळजी नाही, ही बूट डिस्क आहे, मी स्वतः केलेली. लगेच घाल, कॉम्प्युटर उठून बसेल.

मितेशने घातली. पडदा निळा झाला. त्याने काढली आणि पुन्हा सुरू केला. गणपती आला. त्याने परत घातली. निळा. परत काढली. गणपती.

मग मितेशने ती कांडी कागदात गुंडाळून वासंतीबाईंच्या हातात दिली, महिपतरावांच्या नाही. स्लाइड शो दुसऱ्या पेनड्राइव्हवर भरून दिला आणि गाणीही बदलून दिली.

परत जाताना वासंतीबाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. आता ऐकून घ्यायचं, अशी महिपतरावांनी मनाची तयारी केली होती. पण वासंतीबाईंचे खांदे हलताना दिसले, आणि त्या रडत नाहीत, हसताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. "डिस्क चांगली झालीय हो तुमची," त्या कशाबशा म्हणाल्या. मग महिपतरावही हसले, आणि रिक्षावाला आरशातून दोघांकडे बघत राहिला.

संध्याकाळी मोहने गावातल्या घरी टीव्हीसमोर सगळं गोत जमलं. शेवंताबाई नव्या साडीत मधोमध खुर्चीत होत्या. स्लाइड शो सुरू झाला. बारशी, मुंजी, कोकणातल्या सहली, धाकट्याचं लग्न. प्रत्येक फोटोला कोणीतरी हुंकार देत होतं, कोणीतरी नाक पुसत होतं. वासंतीबाईंचं कौतुक चाललं होतं आणि त्या मोठ्या मनाने सांगत होत्या, की यांनी आज फार धावपळ केली.

महिपतराव मागे भिंतीला टेकून स्वतःची वाट बघत होते. एवढ्या वर्षांत या घरातलं एकही कार्य त्यांनी चुकवलं नव्हतं. पण फोटोमागून फोटो गेले आणि ते काही आले नाहीत. मग त्यांना उमगलं, की प्रत्येक वेळी कॅमेरा तर आपल्याच हातात होता.

शेवटी त्यांनी जरा तोंड पाडूनच विचारलं, "आई, यात मी कुठेच नाही का?"

शेवंताबाईंनी चष्मा वर केला आणि जिथे पडद्याचा एक कोपरा तपकिरी, धूसर दिसत होता तिथे बोट दाखवलं.

"आहात की, जावईबापू," त्या मायेने म्हणाल्या. "हा तुमचा अंगठा. सगळ्या फोटोंत आहे."