एमेट काझमारेकचं उज्ज्वल भविष्य

सप्टेंबरअखेर आमचा संघ तळाला आला, यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. पोर्ट हॅलोरन हेरन्स हा आमचा बेसबॉल क्लब गेली काही वर्षं तळालाच असतो आणि तिथवर तो योजनापूर्वक पोचतो. आमच्या गावात बेसबॉलचा खरा हंगाम सुरू होतो तो नोव्हेंबरात, ईरी सरोवरावरून बोचरा वारा सुटला की. उन्हाळ्यात सामने असतात, सामन्यांत हार असते आणि हारीने माणूस उगाच चिडचिडा होतो. हिवाळ्यात सगळे संघ सारखे. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाला वर आणायचं, कोणाला खाली ठेवायचं, यावर वसंतापर्यंत बोलता येतं आणि त्यात कोणी हरत नाही.

मी, वॉल्टर ब्रेनमन, क्लबच्या चाहता सल्लागार समितीचा सदस्य आहे. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळतं आणि बैठकीला कॉफी फुकट असते. समितीचा सल्ला क्लब गांभीर्याने घेतो. क्लबने जे आधीच ठरवलेलं असतं तेच आम्ही सुचवत आलो आहोत, त्यामुळे मतभेदाचा प्रसंग अजून आलेला नाही.

एमेट काझमारेक आमच्याच गावचा. त्याचा बाप स्टॅन याचं स्टेडियमच्या दारासमोर पोलिश सॉसेजचं दुकान आहे. लहानपणी एमेट दुकानाच्या शटरवर चेंडू आपटत बसायचा आणि आत गिऱ्हाइकांचे कान किटायचे. शाळा संपताच क्लबने त्याला उचललं आणि फेअर्सबर्गला क्लबच्याच खालच्या दर्जाच्या संघात पाठवलं. तिथे पोराने असे काही चेंडू टोलावले की देशातल्या होतकरू खेळाडूंच्या क्रमवारीत एका मासिकाने त्याला पहिला नंबर दिला. स्टॅनने ते पान आंबवलेल्या कोबीच्या बरणीवर चिकटवलं. बापलेकांची इच्छा एकच होती. समोरच्या मैदानात एमेट हेरन्सकडून उतरावा, आणि त्या दुपारी स्टॅनने दुकान बंद करून जाऊन बघावं. रस्ता तेवढा ओलांडायचा होता.

पण रस्ता ओलांडायला नियम असतात. मोठ्या संघात सहा पूर्ण हंगाम काढले की खेळाडू मोकळा होतो, हवं तिकडे जाऊ शकतो. मात्र पहिल्या वर्षी त्याला दोन आठवडे उशिरा वर आणलं तर तो हंगाम पूर्ण धरला जात नाही आणि खेळाडू आणखी वर्षभर क्लबच्या मुठीत राहतो. त्यामुळे दर वसंतात देशभरातल्या गुणी पोरांमध्ये नेमका दोन आठवड्यांपुरता काहीतरी दोष निघतो. आमच्या क्लबने निवेदन काढलं: ‘एमेट काझमारेक यांच्या क्षेत्ररक्षणात अपेक्षित परिपक्वता येणे बाकी असल्याने त्यांना तूर्त फेअर्सबर्ग येथेच ठेवण्यात येत आहे.’

गावात कोणी रागावलं नाही. उलट न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकमेकांना ‘नियंत्रणाचं एक वर्ष वाढलं’ असं सांगत सुटले. मीही सांगितलं. कसलं नियंत्रण आणि ते आपल्या काय कामाचं, हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला बेसबॉल कळत नाही असा अर्थ निघाला असता.

दोन आठवडे उलटले तेव्हा आमचा संघ एव्हाना बरेच सामने हरला होता. बैठकीत मी महाव्यवस्थापकांना विचारलं. व्हिटनी लुंडग्रेन हे तरुण गृहस्थ बाराही महिने बिनबाह्यांचं फुगीर जॅकेट घालतात आणि कधीही आवाज चढवत नाहीत.

“वॉल्टर, तुम्हीच सांगा,” ते म्हणाले, “हरणाऱ्या संघात या मुलाचं एक मौल्यवान वर्ष फुकट घालवायचं?”

“पण तो आला तर आपण जिंकू ना?”

“अगदी बरोबर. म्हणूनच, आपण जिंकायला लागलो की लगेच त्याला आणायचा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण नेमकं काय ते सापडलं नाही.

पुढे गोष्टी शिस्तीने घडत गेल्या. संघात चेंडू टाकणारा एक बरा पिचर होता. तो बरा असल्यामुळे दुसऱ्या क्लबला हवा होता, म्हणून तो देऊन तीन होतकरू पोरं घेतली. मग दोन बरे फलंदाज देऊन आणखी पाच. बरं खेळणारं कोणी उरलं नाही तेव्हा मोठ्या संघात गुडघे बांधून धावणारे, कुठेच न खपलेले बुजुर्ग आणले. ते हरले. तळाला येणाऱ्या क्लबला नव्या पोरांत सर्वात आधी निवड करायला मिळते, त्यामुळे होतकरूंत भरच पडली. लुंडग्रेनसाहेब हरण्याला ‘गुंतवणूक’ म्हणू लागले आणि सामना संपल्यावर आम्हीही “आज गुंतवणूक चांगली झाली” असं म्हणत जिने उतरू लागलो.

त्या हिवाळ्यात मासिकाने सर्वोत्तम भविष्य असलेल्या क्लबांमध्ये हेरन्सना अव्वल ठरवलं. गावाला आनंदाचं भरतं आलं. स्टेडियमवर ‘भविष्यातील विजेते’ असं भलंमोठं कापड लागलं. महापौरबाईंनी मिरवणूक काढली. बर्फ उपसून रस्ता केला, अग्निशमन दलाचा बंब सजवला. खेळाडूंना येता आलं नाही, कारण त्यातल्या निम्म्यांची शाळा होती. रिकाम्या बंबाकडे बघून लोकांनी हात हलवले. एका म्हाताऱ्याला रडू कोसळलं.

“काका, मी गाडीवर चढू का?” एमेटने मला विचारलं. सुट्टीच्या दिवसांत तो बापाच्या दुकानात काम करायचा. एप्रन घालून तो दारात उभा होता. “पहिला नंबर माझाच आहे ना?”

“अरे, बर्फावरून घसरलास म्हणजे?” मी म्हणालो. “सगळं भविष्य मोडेल.”

एकदा उन्हाळ्यात फेअर्सबर्गला एमेटचा आठवडा वाईट गेला. चेंडू लागेना. असं सगळ्यांचंच होतं, पण मासिकाने त्याला पहिल्यावरून चौथ्यावर ढकललं. क्लबमध्ये हाहाकार उडाला. अभ्यासगट नेमण्यात आला. ‘सदर खेळाडूच्या भविष्यावर खेळण्याचा विपरीत परिणाम होत असल्याचे आढळून आले आहे,’ असा त्याचा निष्कर्ष होता. उपाय उघडच होता. एमेटला आठवड्यातून दोनदाच खेळवू लागले, मग एकदा, मग फक्त जाळीच्या आत सराव, तोही प्रेक्षकांना मज्जाव करून. तो परत पहिल्या नंबरावर गेला. मासिकाने लिहिलं की त्याच्या खेळात अलीकडे एकही चूक दिसलेली नाही.

अशी काही वर्षं गेली. एका हिवाळ्यात मी सॉसेज घ्यायला गेलो तेव्हा तो सुरी चालवत होता. कानाजवळचे केस पिकायला लागले होते.

“काय म्हणतंय भविष्य?” मी विचारलं.

“उज्ज्वल आहे,” तो म्हणाला. “लसूण घातलेलं देऊ की साधं?”

“लसूण. आणि तोंड का पाडलंयस? देशात पहिला आहेस लेका!”

“काका, मी शाळेत होतो तेव्हापासून होतकरू आहे. माझ्या वर्गातला डेव्ह दोन पोरांचा बाप झाला, त्याला आता कोणी होतकरू म्हणत नाही. मला एकदाच त्या मैदानावर उभं राहू द्या. हरलो तर हरलो. खरंच हरायचंय मला, काका, पण स्वतः.”

“असं बोलू नये,” आतून स्टॅन म्हणाला. “लुंडग्रेनसाहेब मोठा विचार करतात. तुझ्या भल्याचंच चाललंय.”

“पप्पा, तुम्हाला बघायचं होतं ना मला?”

“बघायचंय की. पण घाई कशाला?” स्टॅनने बरणीवरचं पान बोटाने पुसलं. ते बरंच पिवळं पडलं होतं. “इतकी वर्षं थांबलो, आता एवढ्यासाठी वाटोळं करायचं का?”

आणि मग ऑप्शन संपले. खेळाडूचं नाव मोठ्या संघाच्या यादीत चढलं की त्यानंतर त्याला खालच्या संघात धाडण्याची मुभा क्लबला तीन हंगाम मिळते, तिला आमच्याकडे ऑप्शन म्हणतात. ऑप्शन खेळाडूचा नसतो, क्लबचा असतो. तिन्ही वापरून झाल्यावर एमेटला एकतर वर ठेवायचं होतं, नाहीतर सोडून द्यायचं होतं. गावात पहिल्यांदाच गंभीर वातावरण पसरलं. आता त्याला खेळवावं लागणार, अशी भीती लोक उघड बोलून दाखवू लागले.

लुंडग्रेनसाहेबांनी एक वर्ष निभावून नेलं. क्लबच्या डॉक्टरांनी एमेटचा खांदा तपासून तो ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि ठणठणीत खांदा खेळताना दुखावण्याची शक्यता सर्वाधिक असते असंही मत नोंदवलं. त्यावरून त्याचं नाव ‘संभाव्य दुखापतग्रस्त’ या नव्या वर्गात घालण्यात आलं. पूर्ण हंगाम तो मोठ्या संघाच्या पोशाखात बाकावर बसून होता. स्टॅनला दुकानाच्या दारातून त्याची टोपी दिसायची. दुखापत न झाल्याबद्दल क्लबने हंगामाअखेरीस डॉक्टरांचा सत्कार केला.

पुढच्या डिसेंबरात समुद्रकिनाऱ्यावरच्या एका क्लबने एमेटची मागणी केली. आमची बैठक बोलावली गेली. स्थानिक प्रतिनिधी म्हणून त्या वर्षी स्टॅनलाही समितीत घेतलं होतं. गळ्यातलं ओळखपत्र तो सारखं सरळ करत होता.

“ते त्याला खेळवणार आहेत,” लुंडग्रेनसाहेब खिन्नपणे म्हणाले. “पहिल्याच दिवसापासून. काही लोक असे असतात. पण बदल्यात ते युरिएल पेगेरो देताहेत. वय सतरा. डॉमिनिकन.”

“खेळतो कसा?” मी विचारलं.

“अजून कोणीच त्याला सामना खेळताना बघितलेलं नाही.”

खोलीत कौतुकाची कुजबुज पसरली. ज्याला कोणी बघितलेलंच नाही त्याच्यात दोष कोण काढणार? मी हात वर केला. एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. स्टॅन तेवढा कॉफीच्या कपात बघत होता.

“डावखुरा आहे का?” त्याने हळूच विचारलं.

“डावखुरा,” लुंडग्रेनसाहेब म्हणाले. “नियंत्रणाची सगळी वर्षं शिल्लक.”

स्टॅनने एक सुस्कारा सोडला आणि हात वर केला. निर्णय एकमताने झाला.

दैव बघा, नव्या हंगामाचा पहिला सामना त्याच क्लबशी आणि आमच्याच मैदानावर होता. स्टॅनने दुकान बंद केलं, रस्ता ओलांडला आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. अंगात आमच्याच क्लबचा शर्ट घातला होता. एमेट बॅट घेऊन आला तेव्हा स्टॅनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. पहिला चेंडू एमेटने सोडला. दुसऱ्यावर असा आवाज आला, जसा त्या शटरवर यायचा.

चेंडू वर गेला, बराच वेळ वर राहिला आणि आमच्याकडेच येऊ लागला. लोक बाजूला झाले. स्टॅनने दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले आणि चेंडू त्यात पडला. पोराचा पहिला होमरन, बापाच्या हातात! तो अंगठ्याने चेंडूची शिवण चाचपत होता. मलाही भरून आलं, हे मी नाकारत नाही.

पण आमच्या स्टेडियममध्ये एक रिवाज आहे. परक्या संघाच्या होमरनचा चेंडू ठेवून घ्यायचा नसतो. तो मैदानात परत फेकायचा असतो. सगळा स्टँड उठून ओरडायला लागला, “फेक परत! फेक परत!” ज्यांनी त्याच्या दुकानात जन्मभर सॉसेज खाल्लं तेच ओरडत होते.

“वॉल्ट,” स्टॅन म्हणाला, “हा ठेवू दे मला. एवढा एकच.”

“स्टॅन,” मी त्याला समजावलं, “तू समितीवर आहेस. लोक बघताहेत.”

त्याने एकदा गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, मग उभा राहिला आणि चेंडू फेकला. म्हातारा हात, फार लांब गेला नाही. घरंगळत गवतावर थांबला. एमेट तेव्हा बेसला वळसा घालत होता. त्याने धावता धावता वर पाहिलं. स्टँडने टाळ्यांचा कडकडाट केला आणि दोघातिघांनी स्टॅनची पाठ थोपटली. खरा चाहता, म्हणाले.

स्टॅन खाली बसला तो बसलाच. मी त्याला धीर दिला. म्हटलं, पेगेरो क्रमवारीत दुसरा आलाय, अजून एकही चेंडू खेळलेला नाही. त्याने मान हलवली.

तुम्हाला आमचं हसू येत असेल. येऊ दे. तुमच्याही घरात एखादं गुणी पोर असेलच. आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेलं, आणि खिडकीबाहेर बाकीच्यांचा आरडाओरडा चाललेला. खेळायला पुढे उभं आयुष्य पडलंय, असं तुम्ही त्याला सांगितलं असेल. बरोबर केलंत. आमची समिती आपली आभारी आहे.