भाज्यांच्या वकीलबाई

आमच्या शेजारच्या देवरे वकीलबाई फोनवर सारख्या भाज्यांबद्दल बोलत असतात. "शेपूला सांगा, उद्या दाढी करून यायचं. आणि गिलक्याच्या आईला म्हणावं, मंडळासमोर रडू नका." गॅलरीत शाळेचे पेपर तपासताना हे ऐकून मी आधी घाबरलो होतो. मग कळलं, बाई अल्पवयीन मुलांच्या केसेस घेतात, त्यातही दारू पिताना सापडलेल्या पोरांच्या. अशा मुलाचं नाव बाहेर फोडायचं नाही, असा कायदा आहे. बाकीचे वकील तो पाळतात. बाई त्याचं सोवळं पाळतात. नाव चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून प्रत्येकाला एकेक भाजी नेमून देतात.

गेल्या वर्षी माझा भाचा ओंकार त्यांच्याकडे दोडका झाला.

ओंकारची ओझरला विमान कारखान्यात निवड झाली होती. सायखेड्यात बहिणीने पेढे वाटले आणि मग पोलीस पडताळणी आली. सोळाव्या वर्षी हा गडी मित्रांबरोबर नदीकाठी बिअर पिताना सापडला होता. बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडलं होतं. ती नोंद पुढे नष्ट करायची असते. ठाण्यात कुणी ती पुसलीच नव्हती. आता तीच नोंद अहवालात चढली की नोकरी गेली.

बाईंनी ओंकारला काहीच विचारलं नाही. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे दिलीपराव, यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही घेता?"

"लय नाय. लग्नाबिग्नात."

"लहानपणी?"

दिलीपरावांनी माझ्या बहिणीकडे पाहिलं. "येकदोनदा."

"पोलिसांत कागद आहे का त्याचा?"

"नाय."

"मग याचा का राहावा?"

दिलीपराव फुलशेतीवाले, बोलायला कुणाला हार जात नाहीत. त्या दिवशी मात्र पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसले.

नोंद नष्ट करायचा मंडळाचा आदेश बाईंनी मिळवला, पण नेमका अहवाल जायच्या दिवशी. आम्ही धावतपळत ठाण्यात पोहोचलो. अंमलदाराने आदेश उघडला आणि मोठ्याने वाचायला लागला. बाकावर सायखेड्याचाच एक फुलांचा व्यापारी बसला होता. बहिणीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. अंमलदार नावापाशी आला आणि बाईंना असा खोकला सुटला, की दोन शिपाई पाणी घेऊन आले. पाणी पिऊन झालं, अंमलदाराने पुन्हा नावापाशी बोट ठेवलं, बाई पुन्हा खोकल्या. शेवटी त्याने कागद मनात वाचला.

"साहेब बंदोबस्ताला गेलेत. सोमवारी या."

"अहवाल आज जाणार ना?"

"तो जाईल."

रागावल्या की बाईंना त्यांची सटाण्याकडची भाषा आठवते. "हाई काय शे? हे काय चाललंय?" म्हणून त्यांनी दारातच खुर्ची ओढली आणि बसल्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांना वळसा घालावा लागत होता. बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की हात बधिर झाला. अंमलदार दर थोड्या वेळाने अहवालांचा गठ्ठा सरळ करायचा, आणि आमचा जीव टांगणीला लागायचा.

दिवेलागणीला साहेब आले. आदेश वाचून हसले. "मॅडम, एवढ्याशा बिअरसाठी केवढा हा खटाटोप."

"एवढीशीच होती ना, साहेब? मग पुसायला इतकी वर्षं का लागली?"

साहेब हसायचे थांबले. नोंद बाईंच्या डोळ्यांदेखत निघाली, आणि अहवालात 'काही नाही' असं गेलं. बहीण तिथेच भिंतीला टेकून रडली.

ओंकार पहिल्या पगाराची साडी घेऊन बाईंकडे आला. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "आजपासून तू मला ओळखत नाहीस. माझ्या दारातून कसली पोरं बाहेर पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यात दिसले तर मान वळवायची."

"बाई, असं कसं?"

"सगळे वळवतात. तुला जमेल."

मला ते जरा तुसडेपणाचं वाटलं.

परवा सकाळी द्वारका चौकात बाई भेटल्या. त्यांचं कोर्ट अगदी उलट्या दिशेला, म्हणून मी विचारणार होतो, तेवढ्यात समोर कारखान्याच्या बसची वाट पाहणारी मंडळी दिसली. त्यांत ओंकार होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवून मित्राशी बोलू लागला. मला तर त्याचा रागच आला. बाई बस सुटेपर्यंत पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "शहाणा आहे."

बस दिसेनाशी झाली तरी त्या हलल्या नाहीत.

"सर, चष्म्याचा नंबर वाढलाय माझा. तब्येत सुधारलीये ना हो त्याची?"