सुरुवातीपासूनचं सगळं

शनिवार, सकाळी ९:१२. नवीन टॅब

ब्राउझर दोन सेकंदांत उघडला आणि आर्लन टॉर्कल्सन दचकून खुर्चीतून उठला.

एरवी अकरा मिनिटं लागायची. आर्लन कॉम्प्युटरचं बटण दाबायचा, दाढी करायचा, अंगणातल्या पक्ष्यांना दाणे घालायचा, कॉफी ओतून घ्यायचा आणि मग येऊन बसायचा, तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं अक्षर उमटायचं. एक हजार आठशे शेहेचाळीस टॅब उघडे ठेवल्यावर दुसरं काय होणार? आता टॅब एकच होता, आणि त्यात काहीच नव्हतं.

"ब्रेंट," तो शेजारी उभ्या असलेल्या जावयाला म्हणाला, "माझं सामान कुठंय?"

"कसलं सामान?"

"इथं होतं ते."

"कचरा होता हो तो!" ब्रेंट खुशीत होता. सासऱ्याच्या घरात त्याच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी धड झालं होतं. "मशीन गुदमरलं होतं तुमचं. दर तासाला बंद पडत होतं. मी सगळं साफ केलं. आता कसं पळतंय बघा!"

"सगळं म्हणजे कधीपासूनचं?"

"मशीननंही तेच विचारलं. तासाभराचं, दिवसभराचं, की सुरुवातीपासूनचं? म्हटलं, करतोच आहोत तर नीट करू."

आर्लनने तोंड उघडलं आणि

*हे पान प्रतिसाद देत नाही. थांबायचं की बंद करायचं?*

थांबू. त्याला वेळ लागेल.

९:१५. मागील भेटी: काहीही नाही

आर्लनने एकतीस वर्षं मिनेसोटातले रस्ते मोजले होते. वेबपानांवर खूण करून ठेवणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पान परत हवं असेल तर ते कधी वाचलं ते आठवायचं, बस. "तळं गोठलं त्याच्या आदल्या दिवशी, जेवणानंतर." मग हिस्टरी उघडायची, त्या तारखेपर्यंत मागे जायचं, आणि पान हजर. जुन्या नोंदी आपोआप गळू नयेत म्हणून त्याने सेटिंगच्या तळाशी जाऊन काहीतरी कायमचं बदलून ठेवलं होतं. तेरा वर्षांत एकही नोंद गळली नव्हती.

"अगं व्हर्ना," तो स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाला. आवाज शांत होता. आमच्याकडे छप्पर उडालं तरी माणसं आधी हवामानाबद्दल बोलतात. "थंडी जरा वाढलीय, नाही?"

व्हर्ना हातातला चमचा टाकून धावत आली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला तो आवाज कळत होता.

"काय झालं?"

"मार्लिसचं पान गेलं."

मार्लिस व्हर्नाची धाकटी बहीण. ऑक्टोबरात गेली. उद्या दुपारी चर्चमध्ये तिच्या आठवणीचं जेवण होतं, दोनशे माणसांचं, आणि व्हर्नाने सगळ्यांना शब्द दिला होता की दरवर्षी मार्लिस करायची तेच तळ्यात उगवणाऱ्या जंगली तांदळाचं सूप वाढीन. कृती मार्लिसने आपल्या वेबसाइटवर लिहिली होती. वेबसाइट चालवणारी कंपनी बंद पडली तेव्हा पानही गेलं. जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या एका जागी ते अजून सापडलं असतं, पण तिथे अख्खा पत्ता लागतो. आणि तो पत्ता, लांबलचक, मध्ये नागमोडी रेघ आणि शेवटी आकड्यांची माळ, जगात एकाच ठिकाणी होता. आर्लनच्या हिस्टरीत.

"तू म्हणाला होतास, कागदावर लिहायची गरज नाही," व्हर्ना म्हणाली.

"नव्हतीच. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत."

दोघांनी ब्रेंटकडे पाहिलं. ब्रेंटने जमिनीकडे.

९:४०. तळघर

"घाबरू नका," ब्रेंट म्हणाला. "तळघरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तुमचंच खातं आहे ना? मग हिस्टरी तिथंही आहेच. एकाची दुसऱ्यावर उतरत असते."

हे खरं होतं. जुना कॉम्प्युटर घरघरत उठला, ब्राउझर उघडला, आणि यादी दिसली. अख्खी. व्हर्नाने ब्रेंटच्या पाठीवर थाप मारली.

"गुणी आहेस रे!"

मग सगळ्यात वरची ओळ गेली. मग तिच्या खालची. मग अख्खा डिसेंबर.

"हे काय होतंय?" आर्लनने विचारलं.

"जुळवणी," ब्रेंट पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग नोव्हेंबरबरोबर गेला. "वर जे पुसलं ते... इथंही पुसलं जातंय."

"आत्ता सांगतोस?"

"मला आत्ताच कळतंय!"

"वायर काढ!"

"नेट वायरवर नाहीये!"

आर्लनने हाताला लागली ती वायर उपटली. ती विजेची होती. पडदा काळा झाला. पुन्हा लावली तेव्हा कॉम्प्युटर उठला, पण ब्राउझरने अत्यंत नम्रपणे सांगितलं की हिस्टरीची फाइल मोडली आहे, त्याला वाईट वाटतं, आणि त्याने नवीन बनवली आहे.



"तो टॅब्लेट," व्हर्ना एकदम म्हणाली. "मासेमारीच्या खोपटातला."

११:०५. तळ्याच्या मधोमध, उणे अठरा

आमचं तळं हिवाळ्यात गाव बनतं. गोठलेल्या पाण्यावर ओळीने लाकडी खोपटी उभी राहतात, प्रत्येकात शेगडी, दोन खुर्च्या आणि बर्फाला पाडलेलं भोक. आर्लनचा जुना टॅब्लेट तिथे खणात पडलेला असायचा. गेल्या मार्चपासून बंद. म्हणजे पुसापुशीची बातमी त्याला अजून लागलेली नव्हती.

"तो घरी आणायचाच नाही," आर्लनने गाडीत बजावलं होतं. "घराजवळ आला की घरचं नेट पकडेल. तिथंच उघडायचा. तळ्यावर कुठलं आलंय नेट!"

टॅब्लेट लोखंडासारखा गार होता. व्हर्नाने तो कोटाच्या आत धरून ऊब दिली, तेव्हा कुठे तो उजळला. बॅटरी चौदा टक्के. आर्लनने हिस्टरी उघडली. यादी होती! तो मागे जाऊ लागला.

"कधी वाचलं होतंस?"

"तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. बुधवार. तू झोपली होतीस."

"मी झोपेत होते आणि तू सूप वाचत होतास?"

"तू सांगितलं होतंस वाच म्हणून."

"आर्लन," ब्रेंट म्हणाला. त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता. "वर कोपऱ्यात तो पंखा कसला दिसतोय?"

तिघांनी पाहिलं. नेटची खूण होती, पूर्ण भरलेली. खाली नाव: *एल्डनकडे या बसा*.

व्हर्नाने खिडकी पुसली. शेजारच्या एल्डनच्या खोपटावर पांढरी तबकडी आकाशाकडे तोंड करून बसली होती. मागच्या आठवड्यात नव्हती. तिला पासवर्डही नव्हता, कारण एल्डन चांगला माणूस होता.

यादीतली वरची ओळ गेली.

"ते बंद करायला सांग त्याला!" आर्लन ओरडला. हे त्याचं तेरा वर्षांतलं पहिलं ओरडणं. ब्रेंट बर्फावरून धावत सुटला.

११:१९. एल्डनचं खोपट

इथे वाचकांना एक सांगायला हवं. आमच्याकडे कोणाच्या दारात जाऊन एकदम काम सांगणं हे जवळजवळ चोरीइतकंच वाईट. आधी कॉफी विचारली जाते. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा "बरं, अर्धाच कप" म्हणायचं. मग हवामान. मग काम.

ब्रेंट याच मातीतला. त्याने प्रयत्न केला, पण जीभ वळेना.

"ये ये! कॉफी?" एल्डन म्हणाला. भोकाशेजारी टीव्हीवर नेटवरून हॉकीचा सामना चालू होता, आणि आठ माणसं गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

"नको, आत्ताच झाली."

"थोडीशी?"

"नको हो, खरंच." ब्रेंटला घाम फुटला होता. उणे अठरात.

"थंडी बघ काय आहे. घे की."

"बरं, अर्धाच कप. थंडी आहेच. एल्डन, तुमचं नेट बंद करा!"

आठ माणसांनी टीव्हीवरून मान वळवली.

"बंद?" एल्डन म्हणाला. "आत्ता? दोन-दोन बरोबरी असताना?"

११:२१. टॅब्लेट, नऊ टक्के

इकडे आपल्या खोपटात आर्लन वर्षांमधून खाली सरकत होता आणि पुसापुशी त्याच्या मागून येत होती. गेलं वर्ष संपलं. त्याच्या आदलं संपलं.

"सापडला! लिही!"

"कशावर?"

"कशावरही!"

खोपटावर मालकाचं नाव लिहायला ठेवलेला मार्कर होता. व्हर्नाने तो दातांनी उघडला आणि भिंतीवर लिहू लागली. आर्लन एकेक अक्षर वाचत होता. नागमोडी रेघ. चार. शून्य. नऊ.

"शेवटचा?"

"एक! नाही, सात!"

ओळ गेली.

"एक की सात?"

आर्लनने रिकाम्या जागेवर बोट घासून पाहिलं. इतक्यात शेजारून आठ माणसांचा आरडाओरडा झाला. नेट गेलं होतं. गोलही तेव्हाच झाला होता.

दुपारी १:०२. घर

त्यांनी भिंत गाडीत घालून आणली नाही, फोटो काढून आणला. जुन्या प्रतींच्या त्या जागी पत्त्याच्या शेवटी एक घालून पाहिला: पान सापडलं नाही. सात घालून पाहिला. पडद्यावर गोल फिरू लागलं. व्हर्नाने आर्लनचा दंड धरला. ब्रेंट दारातच उभा राहिला, कशालाही हात न लावता.

मार्लिसचा फोटो उतरला, हळूहळू, कपाळापासून हनुवटीपर्यंत. हसत होती. मग कृती. कांदा कसा परतायचा, तांदूळ कोणत्या तळ्याचा घ्यायचा, मलई कधी ओतायची, सगळं होतं. मापं नव्हती. मापांच्या जागी तिने लिहिलं होतं:

*दोनशे माणसांना किती लागतं ते मला मेलीला कधीच लक्षात राहत नाही. दरवर्षी आदल्या दिवशी व्हर्नाला फोन करते. ती एका दमात सांगते. तुम्हीही तिलाच विचारा.*

खाली या घराचा फोन नंबर होता.

आर्लन वळला. "तू सांगायचीस?"

"हो," व्हर्ना म्हणाली. तिने डोळे पुसले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती पसरली. "फोन करायची ना ती. हॉकीच्या वेळी, नाहीतर माझे हात पिठात असताना."

"मग किती सांगायचीस?"

"आर्लन," ती म्हणाली, "तोंडाला येईल ते."