पिठातलं पाऊल

दीपिका मूळची शिवनीची, हिंदी घरातली. तिला मराठी येत नव्हती आणि त्या एका कारणापायी राहुलच्या आजीनं लग्न अडवून धरलं होतं. "मराठी बोलनारी सून आना, तवाच मी मरीन," असं ती बालाघाटभर सांगत फिरायची. राहुलनं दीपिकाला शिकवायला घेतलं. पण म्हातारीनं दम धरला नाही, चार वाक्यं होतात न होतात तोच ती गेली.

आता सगळं राहुलच्या आईच्या, मैनाबाईच्या हातात होतं. बिचारीचा सारा संसार सासूच्या, तिच्या आत्याबाईंच्या, धाकात गेला होता. चहाचा पहिला घोट घेतला की आजी विचारायची, "साखर कमी काहून टाकली वो, मैना?" मग भांड्यात साखरच साखर असो.

दीपिका सांत्वनाला निघाली तेव्हा राहुलनं फाटकाशी बजावलं, "निघतानी जाते म्हनू नको, अशुभ असते. येते म्हनाचं. हसून."

दिवेलागणीला लाइट गेलेली. आजीनं प्राण सोडला त्या कोपऱ्यात पीठ पसरून, जवळ दिवा लावून, वर टोपलं झाकलं होतं. टोपल्याच्या फटींतून उजेडाचे ठिपके भिंतीवर हलत होते, वारा मात्र कुठंच नव्हता.

"सकाळी पिठात पाऊल उमटते," राहुल कुजबुजला. "आजी कोनत्या जन्माले गेली ते समजते."

दीपिकाच्या अंगावर काटा आला. तरी ती मैनाबाईशी नीट बोलली. "पोरगी बोलते वो बरं," मैनाबाई म्हणाली आणि राहुलचा जीव भांड्यात पडला. दीपिका उठली, दाराशी वळली, हसली.

"येते हं!"

कुणी मानही वर केली नाही. आपला आवाज पोचला नसेल असं वाटून ती टोपल्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "आजी, येते! लवकरच येते! सगळ्यांना घेऊन येते!"

टोपल्याखालचा दिवा फडफडला. कायम खोकणाऱ्या पुनारामकाकांचा खोकला जागच्या जागी थांबला. राहुलच्या वडिलांनी, प्रेमलालनी, डोळे मिटून हात जोडले.

राहुलनं तिला ओढतच बाहेर नेलं. "मयताच्या घरून येते म्हनत नाईत! गुपचूप निघाचं असते!"

"येते म्हण, हे तूच सांगितलंस. हे तू शिकवलं नाहीस."

"हे शिकवत नसतेत. हे माहीत असते!"

लग्न मोडलं, हे दोघांनीही धरून चाललं.

सकाळी मैनाबाईनं टोपलं उचललं आणि किंचाळली. पिठात बाईचं पाऊल होतं, लहानसं, ताजं. तिनं तडक दीपिकाला बोलावून घेतलं आणि शेजारी पाऊल ठेवायला लावलं. दोन्ही ठसे बोटन् बोट जुळले.

"मी तर त्या कोपऱ्याकडे गेलेही नाही," असं दीपिका म्हणेपर्यंत मैनाबाईनं डोक्यावर पदर घेतला होता. "येते म्हनल्या नं आत्याबाई! काल हिच्या तोंडून सांगूनच गेल्या! राहुल, लग्न ठरलं समज. आत्याबाईले नाई म्हनाची माही हिंमत नाई."

राहुलला हसू आवरेना. मैनाबाई चहा घेऊन आली. 'खूप छान झालाय' हे वाक्य राहुलनं दीपिकाकडून मुद्दाम घोटून घेतलं होतं, त्याची तो वाट पाहत होता.

दीपिकानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर कमी काहून टाकली वो, मैना?"

"चुकलं, आत्याबाई," म्हणत मैनाबाई डबा आणायला धावली. राहुलचं हसू तोंडातच राहिलं. हे वाक्य त्यानं तिला शिकवलेलं नव्हतं.