अस्तर लावलेला झेंडा

दुकानाचा झेंडा मीच शिवणार, हे मी घरात ठणकावून सांगितलं. वीस वर्षं सूट शिवणाऱ्या माणसाने झेंडा बाहेरून करून आणायचा म्हणजे काय!

झेंड्याची गरज खरीच होती. आमचं टेलरिंगचं दुकान गल्लीत आत, वळणापलीकडे. गिऱ्हाईक वळणापर्यंत येतं आणि तिथल्याच दुसऱ्या टेलरकडे शिरतं. त्यातच गुरुवारी अकरा वाजता शाळेच्या मुख्याध्यापिका गणवेशाचं काम ठरवायला येणार होत्या. ते काम मिळालं तर वर्षाची काळजी मिटणार होती. त्या वळणावरूनच परत गेल्या तर संपलंच.

बायको म्हणाली, "पातळ कापड घ्या, पिवळंबिवळं. वाऱ्यावर उडायला हवं ना."

ब्लाउज शिवणाऱ्या बाईने सूटवाल्याला कापड शिकवायचं! मी हट्टाने उंची काळं सूटिंग काढलं. मधोमध सोनेरी दोऱ्याने कात्री भरली. मागून अस्तर लावलं, कडा ताठ राहाव्यात म्हणून बकरम घातलं, चारी बाजूंनी दुहेरी शिलाई मारली. इस्त्री करून झेंडा काठीला लावला तेव्हा माझं मलाच भरून आलं.

गुरुवारी सकाळी वळणावरच्या खांबाला काठी बांधली. वारा उत्तम होता. समोरच्या गच्चीवर टॉवेल उडत होते, दुकानांचे पडदे उडत होते. माझा झेंडा मात्र ओल्या कोटासारखा लोंबत राहिला. कात्री पार घडीत गेली. दिसत होतं ते नुसतं लांबलचक काळं कापड.

साडेनऊला दूधवाल्याने हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?" मला वाटलं, झेंड्याचं विचारतोय. मी अभिमानाने सांगितलं, की काल संध्याकाळी झालं, पण महिनाभर माझ्या मनात घोळत होतं. तो दोन पावलं मागे सरकला आणि निघूनच गेला.

दहापर्यंत दुकानात आठ-दहा माणसं खाली माना घालून बसली होती. माझे काका वर्षभर आजारी, त्यामुळे कोण गेलं ते सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. काका आतल्या खोलीतून चष्मा पुसत बाहेर आले आणि रोजच्या स्टुलावर बसून काजं करायला लागले, तेव्हा इस्त्रीवाला ताडकन उठून उभा राहिला. एवढी माणसं का जमलीत, कोण गेलं, असं काकांनी दोनदा विचारलं.

अकराच्या ठोक्याला मुख्याध्यापिका वळणावर दिसल्या. त्यांनी झेंडा पाहिला, दारातली गर्दी पाहिली, क्षणभर मान झुकवली आणि मागे फिरल्या. मी गळ्यातली टेप सावरत धावत सुटलो.

"बाई, थांबा! आमच्याकडे कुणी गेलेलं नाही!"

त्यांनी अतिशय मायेने माझ्याकडे पाहिलं. "सुरुवातीला असंच वाटतं. मन मानत नाही. गणवेशाचं मी दुसरीकडे बघते, तुम्ही घरच्यांना सांभाळा."

आता काकांना उचलून आणून दाखवू की काय! मी वैतागून वळलो, तर खांबापाशी बायको आणि तिच्यामागोमाग आलेले काका. तिने माझा झेंडा उतरवून काकांच्या हातात दिला होता आणि स्वतःचा बांधत होती. ओढणीचं उरलेलं पिवळं कापड, त्यावर लाल कात्री. कधी शिवून ठेवला होता कुणास ठाऊक. गाठ बसली आणि तो लगेच फडफडायला लागला. पलीकडच्या चौकातूनही दिसला असता.

"मी आहे अजून," काका मुख्याध्यापिकांना म्हणाले.

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पिवळ्या झेंड्याची किनार निरखत होत्या. कुठे चुणी नाही, कुठे दोरा सुटलेला नाही. "हा कुणी शिवला?" त्यांनी विचारलं.

गणवेशाचं काम आम्हालाच मिळालं. अट एकच, शिलाई झेंडा शिवणाऱ्या बाईंच्याच हातची हवी.

काळा झेंडा काका पायांवर घेतात. अस्तरामुळे ऊब छान येते म्हणतात. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काजं करतो. मशीनवरून मान वर न करता बायको अधूनमधून सांगते, "दोरा जरा पातळ घ्या."

मी घेतो.